अंगात साठलेला ताण ओळखून सोडायला कसं शिकावं

आत्ता आहात तसेच थांबा आणि जबड्याकडे लक्ष द्या. वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? घास चावायचा नसेल तेव्हा दातांमध्ये थोडी फट असायला हवी. खांदेही बघून घ्या, कानांकडे चढलेत का? काळजीत असलेल्या माणसाचं अंग दिवसभर असं आवळलेलं असतं आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

धोक्याची चाहूल लागली की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास मांडलं. ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. समोर वाघ असो की उद्याची मीटिंग, सज्जता तीच. शिवाय ताठलेले स्नायू मेंदूला 'अजून सावध राहा' असंच कळवत राहतात. म्हणून 'जास्त विचार करू नकोस' या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही. विचारांना हुकूम देता येत नाही, पण मूठ उघडता येते.

अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी याच बाजूने काम केलं. १९२९ मध्ये त्यांनी एकेक स्नायू क्रमाने सैल करण्याची पद्धत सविस्तर मांडली. प्रोग्रेसिव्ह मसल रिलॅक्सेशन या नावाने थेरपिस्ट ती आजही शिकवतात.

तयारी. वीसेक मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडा. पाठीला आणि डोक्याला आधार देणारी खुर्ची उत्तम. आडवं पडलात तरी चालेल, पण सुरुवातीला झोप लागते आणि शिकणं राहून जातं. पट्टा सैल करा, चष्मा काढा, लेन्स असतील तर त्याही. भरल्या पोटी बसू नका.

पहिला धडा मुठीचा. उजव्या हाताची मूठ वळा. पूर्ण जोर नको, निम्म्याहून थोडा जास्त पुरे. पाच ते सात सेकंद तशीच धरा आणि ताण नेमका कुठे जाणवतो ते शोधा: बोटांच्या पेरांत, तळव्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराकडे जाणाऱ्या स्नायूत. श्वास रोखू नका; हे सगळ्यांकडून होतं, म्हणून मुद्दाम लक्ष ठेवा. मग मूठ एकदम सोडून द्या. हळूहळू उघडत बसलात तर तेवढा वेळ स्नायू कामच करत राहतो. आता अर्धा मिनिट काहीही करू नका. हात जड वाटेल, कधी ऊब येईल, बोटांत मुंग्या आल्यासारखं वाटेल. या तीस सेकंदांत जे जाणवतं, ते शिकण्यासाठी सगळा खटाटोप आहे. आवळणं हे फक्त फरक कळावा म्हणून. लोक नेमकं उलट करतात, व्यायामासारखा जोर लावतात आणि सोडण्याचा वेळ उरकून टाकतात.

हेच पुन्हा एकदा करा, मग डावा हात.

पुढचा क्रम. हातांनंतर दंड. मग चेहरा: भुवया वर उचला, सोडा, डोळे घट्ट मिटा, सोडा, दात हलकेच दाबा, सोडा. जबडा सोडल्यावर ओठ आपोआप किंचित उघडले पाहिजेत. मान जपून, डोकं मागच्या आधारावर अलगद दाबलं की झालं. खांदे कानांपर्यंत उचलून धपकन खाली सोडा. बऱ्याच जणांना सगळ्यात जास्त आराम इथेच मिळतो, तेव्हा दोनाऐवजी तीनदा करायला हरकत नाही. मग पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटऱ्यांसाठी पावलं स्वतःकडे ओढा; चवडे पुढे ताणले तर गोळा येण्याची भीती असते.

शेवटी दोन मिनिटं नुसते बसून राहा आणि उठताना सावकाश उठा.

रोज, आणि बरं वाटत असतानाही. घाबरगुंडी उडाल्यावर पहिल्यांदाच करायला गेलात तर जमणार नाही. काही आठवडे सराव झाला की हात, चेहरा, धड, पाय असे चारच गट करा. त्यानंतर आवळणं सोडून द्या. सैल झाल्यावर कसं वाटतं ते आठवून स्नायू तसेच सोडता येतात. मग हे लिफ्टमध्ये, रांगेत, फोन उचलण्याआधी कुठेही करता येतं आणि शेजारच्याला कळतही नाही.

कधी कधी अंग सैल होऊ लागलं की उलट बेचैनी वाढते. तुमचं काही चुकतंय असं नाही. डोळे उघडे ठेवा आणि त्या दिवशी फक्त हातांपुरतं करा. पूर्वीच्या एखाद्या आघाताच्या आठवणी उसळून येत असतील तर एकट्याने रेटू नका, प्रशिक्षित थेरपिस्टसोबत करा. जिथे दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली आहे तो भाग वगळा. गरोदरपणात किंवा रक्तदाब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

याने सगळं बरं होतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ही किरकोळ गोष्टही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आधी करून पाहावेत असे औषधांविना उपाय सुचवले, त्यांत ही पद्धत आहे. निद्रानाशाच्या उपचारातही ती वापरतात. मात्र छातीत दुखणं, अचानक वजन घटणं, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी यांना 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका; आधी तपासणी.

काही आठवड्यांनंतरही झोप, भूक, कामात लक्ष यांतलं काही सुधारलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जा. जाताना छोटी नोंद सोबत न्या: ताण अंगात कुठे बसतो, दिवसाच्या कोणत्या वेळी, त्याआधी काय घडलेलं असतं, सैल केल्यावर किती वेळ बरं वाटतं. पहिल्या भेटीत थेरपिस्ट जवळजवळ हेच विचारतात, आणि ऐन वेळी ते आठवत नाही. आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर मात्र नोंदी राहू द्या. आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.