नाशिकहून दिल्ली विमानाने किती लांब? अंतर आणि वेळ कशी काढायची

आधी एक डोक्यात ठेवा, रस्त्याचं अंतर आणि हवाई अंतर वेगळं असतं. आग्रा हायवेने दिल्ली बाराशे किमीच्या वर जाते पण ओझरहून, म्हणजे नाशिकच्या एअरपोर्टवरून, सरळ रेघ मारली तर साधारण हजारच भरतं. कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, ओझर एअरपोर्टवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि मग दिल्ली एअरपोर्टवर क्लिक करा, झालं.

आता वेळ. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किमीच्या आसपास पळतं, म्हणून किमीला ८०० ने भागा आणि वर अर्धा-पाऊण तास टाका, कारण रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात स्पीड कमीच असतो. म्हणजे दिल्लीला पावणेदोन-दोन तास धरा.

परदेशात जाताना मात्र लोक हमखास गंडतात, तिकिटावर दोन्हीकडची लोकल वेळ असते! दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे मुंबईहून १० ला निघून १२ ला पोचलात तर प्रवास साडेतीन तासांचा. आणि ओझरला जायचा अर्धा-पाऊण तास वेगळा धरा बरं का, नाशिकच्या द्वारका चौकातलं ट्रॅफिक कोणत्याच हिशोबात बसत नाही.