मेलेली हुमणी लाल दिसली तर फेकू नका

चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचा घोस काढायला कुळागरात उतरलात, की पिवळ्या पडत चाललेल्या पोफळीच्या बुंध्याशी एकदा कुदळ मारून बघा. मुळे कुरतडलेली आणि मातीत अर्धगोल वळलेली पांढरी अळी दिसली, तर ती हुमणी. जूनच्या पहिल्या पावसात तिन्हीसांजेला उडालेल्या भुंगेऱ्यांचीच ही पिलावळ. अळी अजून लहान आहे, माती ओली आहे. कीटकभक्षी सूत्रकृमी, म्हणजे किडीला मारणारे धाग्यासारखे बारीक जंत, सोडायला हेच दिवस.

हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी आपल्याच देशातला, 1992 साली कोईम्बतूरहून नोंदवलेला. तो अळीत शिरतो आणि आपल्या आतड्यात सांभाळलेले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी मरते. एरवी आपल्या पावसात मेलेला किडा काळा पडून घाण मारतो. ही अळी मात्र विटेसारखी लाल होते, लिबलिबीत होते, पण कुजत नाही. कारण ते जिवाणू आतल्या आत प्रतिजैविके बनवतात आणि कुजवणाऱ्या जंतूंना, बुरशीला थारा देत नाहीत. मुंग्याही तिच्यापासून लांब राहतात. मिट्ट काळोखात डोळे सरावले, तर ती अंधुक चमकतानाही दिसते! सूत्रकृमीच्या आतड्याला न दुखावता इतर जंतूंना मारणारे हे रसायन माणसाच्याही कामाचे ठरेल, म्हणून शास्त्रज्ञ या जिवाणूंच्या मागे आहेत. 2019 मध्ये त्यांतूनच डॅरोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक हाती लागले.

सूत्रकृमींचे पाकीट घेताना तारीख बघा. उन्हात तापलेल्या दुकानातले पाकीट मी एकदा आणले आणि सगळे पाणी फुकट ओतले. आता आधी चिमूटभर बशीतल्या पाण्यात टाकून भिंगाखाली बघतो: बारीक धागे वळवळले तरच पुढे. मात्रा पाकिटावरची. संध्याकाळी, विहिरीच्या पाण्यात कालवून, बुंध्याभोवतीची माती भिजेल असे ओता. पंपाने सोडत असाल तर जाळी काढा, आणि बोर्डो या बुरशीनाशकाचा पंप असेल तर आधी खळखळून धुवा. धो धो पावसाच्या दिवशी नको, सगळे वाहून जाईल. सूत्रकृमी कुठे मिळतील ते विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आठवड्याने पुन्हा उकरा. काळी, वासाची अळी दुसऱ्याच कशाने मेलेली. लाल सापडली तर कोंबड्यांना घालू नका. शेजारच्या पोफळीच्या मुळाशी पुरा. आतला खाऊ संपला की हजारो नवे सूत्रकृमी त्यातूनच बाहेर पडतात.