गोळी लागू पडत नाही? ताठरतेच्या औषधांबाबत या चुका टाळा

लिंगाच्या ताठरतेसाठी दिलेली गोळी एकाला पहिल्याच वेळी लागू पडते आणि दुसऱ्याला काहीच फरक जाणवत नाही, यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या विषयावर मोकळे बोलणे होत नाही. त्यामुळे मित्राने सांगितलेले नाव मेडिकलमध्ये हळू आवाजात सांगायचे, मिळेल ती गोळी घ्यायची आणि फरक न पडल्यास गप्प बसायचे, अशी रीत पडली आहे. वास्तविक ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाची आहेत.

गोळी स्वतःहून ताठरता आणते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. कामेच्छा जागृत झाल्यावर लिंगातील मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारे एक द्रव्य तयार होते आणि रक्त भरते. ताठरतेच्या गोळ्यांतील सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही औषधे केवळ ते द्रव्य लवकर नष्ट होऊ देत नाहीत. मुळात इच्छाच जागी झाली नाही, किंवा मन धास्तीने व्यापलेले असले, तर गोळीला टिकवून धरण्यासारखे काही उरत नाही.

जेवणाकडेही दुर्लक्ष होते. जत्रेचे मटण किंवा तुपाळ पुरणपोळी पोटभर खाऊन लगेच सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तातील त्याची पातळी शिखरावर पोहोचायला सुमारे एक तास जास्त लागतो आणि ते शिखरही जवळपास ३० टक्क्यांनी खाली राहते. ही गोळी हलक्या पोटी, साधारण तासभर आधी घेणे योग्य. टाडालाफिलवर जेवणाचा परिणाम होत नाही आणि त्याचा प्रभाव ३६ तासांपर्यंत राहू शकतो, परंतु त्याला दोन तासांचा अवधी द्यावा. सोबत मद्य जास्त झाल्यास दोन्ही औषधांचा उपयोग कमी होतो आणि रक्तदाब उतरण्याची भीती वाढते ती वेगळीच. एक-दोनदा घेऊन औषध निकामी ठरवणे हीदेखील घाईच होय. डॉक्टरांनी ठरवलेल्या योग्य मात्रेत, योग्य वेळी, निदान सहा ते आठ वेळा घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

एवढे सगळे पाळूनही काहींना गुण येत नाही, तेव्हा कारण बहुधा शरीरात असते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर दोन्ही बिघडतात, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड जिथून यायचे ते झरेच आटतात. म्हणून शुगर असलेल्या रुग्णांत या गोळ्यांचे यश इतरांपेक्षा कमी आढळते. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावल्यास तसेच होते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी असेल, तर ते तपासून भरून काढल्यावर पूर्वी न लागलेली गोळी काहींना लागू पडते. तंबाखूच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीच्या आसपास हे लिहिणे थोडे अवघड आहे, तरीही सांगायला हवे की विडी-सिगारेटने रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते आणि ते नुकसान कोणतीही गोळी पुसून टाकत नाही. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे अडथळा तिथे आधी जाणवतो, आणि म्हणूनच मध्यम वयात नव्याने सुरू झालेल्या तक्रारीसाठी गोळी मागण्याआधी रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासून घेणे शहाणपणाचे.

सीमाभागाची एक खास अडचण आहे. बीपीची गोळी गावातल्या दवाखान्यातून, क्षयाचे औषध सरकारी केंद्रातून आणि तज्ज्ञांचा सल्ला कधी बेळगावला तर कधी मिरज-कोल्हापूरला, अशी विभागणी असल्यामुळे सगळ्या औषधांची यादी एकाही डॉक्टरासमोर येत नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विघटन वाढवून सिल्डेनाफिलचा परिणाम घटवते. उलट क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा बुरशीवरील इट्राकोनाझोल त्याची रक्तातील पातळी वाढवते. नैराश्यावरील व रक्तदाबावरील काही औषधे मूळ तक्रारच वाढवतात. साठी-पासष्टीनंतर किंवा यकृत-मूत्रपिंडाच्या आजारात औषध शरीरात अधिक काळ राहते, त्यामुळे अशा रुग्णांना सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून देतात. शेजाऱ्याला १०० मिलिग्रॅम मानवले म्हणून तीच मात्रा आपणही घेणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. रस्त्याकडेच्या तंबूतील ‘जडीबुटी’च्या पुड्यांत हेच रसायन न सांगता मिसळलेले असू शकते, म्हणून त्या पुड्यांची माहितीही डॉक्टरांना द्यावी.

छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ही औषधे मुळीच घेऊ नयेत. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर दवाखान्यात पोहोचताच घेतलेल्या गोळीचे नाव आणि वेळ संकोच न करता सांगावी, कारण सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास डॉक्टर नायट्रेट टाळून दुसरा उपचार निवडतात.