डोक्यावर खुणा असलेली सिरिलिक टाइप करण्याआधीची तयारी

सिरिलिक म्हणजे रशियन ज्यात लिहितात ती लिपी. तिच्यातल्या रशियन शब्दयाद्या, स्ट्रेस (कुठल्या स्वरावर जोर द्यायचा ते) दाखवलेले धडे किंवा चर्च स्लाव्होनिक या चर्चच्या जुन्या भाषेतली पोथी कॉम्प्युटरवर घ्यायची असेल तर लगेच टायपिंगला बसू नका, आधी छापील पानं चाळा आणि अक्षरांच्या डोक्यावर कायकाय खुणा आहेत ते कागदावर उतरवून काढा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

आजच्या रशियनमध्ये खुणा मोजक्याच. 'यो' या अक्षरावरची दोन टिंबं, 'इ क्रात्कये' या अक्षरावरची वाटीसारखी खूण, आणि शिकणाऱ्यांच्या पुस्तकात स्वरावर स्ट्रेसची तिरकी रेघ. पण खरी मेख इथेच आहे, इ क्रात्कये युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला कोड देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हेने लिहिता येतं, एकतर अख्खं अक्षर ०४३९ नाहीतर साधा 'इ' ०४३८ आणि त्याच्यामागून खूण ०३०६. स्क्रीनवर दोन्ही सेम, पण यूटीएफ-८मध्ये, म्हणजे हे कोड फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, पहिल्याला २ बाइट आणि दुसऱ्याला ४, त्यामुळे सरळ तुलना केली की ते वेगवेगळे निघतात आणि शब्द डोळ्यांसमोर असून सर्चला सापडत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं अशी सुटी करूनच ठेवायची, म्हणून तिकडून आलेल्या फाइलींची नावं आधी तपासा. आपल्या 'दुसऱ्या'मधल्या ऱचंही हेच आहे बरं का, एकतर ०९३१ नाहीतर ०९३० अधिक नुक्ता ०९३सी.

म्हणून पहिल्या दिवशीच ठरवून टाका की सगळा मजकूर एनएफसीमध्ये, म्हणजे तयार अक्षर असेल तिथे अक्षर आणि खूण जोडून एकाच कोडात बसवणाऱ्या रूपात, ठेवायचा. मात्र एनएफसी केलं म्हणजे सगळं एकेका कोडात बसलं असं धरून चालू नका, स्ट्रेसवाल्या 'आ'साठी तयार सिरिलिक अक्षरच नाहीये, ते कायम अक्षर अधिक ०३०१ असंच राहणार. सर्चसाठी स्ट्रेस काढलेला वेगळा कॉलम करा, आणि तो करताना एनएफसी झालेल्या मजकुरातून फक्त ०३०१ काढा. बरेच जण सगळं सुटं करून सगळ्याच खुणा उडवतात, मग योचा 'ये' होतो, इ क्रात्कयेचा 'इ' होतो आणि शब्दच बदलतात. हे अजिबात करू नका, कारण मूळ प्रत ठेवली नसेल तर ते परत आणायचा मार्ग नाही.

डेटाबेस आणि एक्सपोर्ट यूटीएफ-८ आहेत ना ते बघा. केओआय८-आर किंवा विंडोज-१२५१ या जुन्या सिरिलिक एन्कोडिंगमध्ये स्ट्रेसच्या खुणेला जागाच नाही.

चर्च स्लाव्होनिकची तयारी जास्त लागते. तिथे शब्द आखडून त्यावर तित्लो नावाची खूण, ०४८३, देतात, किंवा गाळलेलं अक्षर बारीक करून वर बसवतात. अशा वर बसणाऱ्या ३२ अक्षरांचा गट, २डीई० ते २डीएफएफ, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला, आणि त्यांच्यावरची कमान, पोक्रितिये ०४८७, तीही तेव्हाच. 'गोस्पोद' म्हणजे प्रभू, हा शब्द आखडून लिहिला की ओळीत दिसतात ग, द आणि सॉफ्ट साइन हे मृदू उच्चार दाखवणारं अक्षर, पण कोड असतात पाच: ग, द, मग वरचा छोटा स २डीईडी, मग पोक्रितिये, मग सॉफ्ट साइन. खूण नेहमी अक्षराच्या मागून येते, आपली पहिली वेलांटी दिसते आधी पण साठवली जाते नंतर, तसंच. आता नीट लक्ष द्या, छोटा स आणि पोक्रितिये दोन्ही एकाच कंबायनिंग क्लासमधले (खुणांचा क्रम लावताना वापरायचा क्रमांक), २३०, त्यामुळे कोणी क्रम उलटा टाइप केला तर एनएफसी तो सुधारून देत नाही. आधी वरचं छोटं अक्षर, मग कमान, हा नियम टाइप करणाऱ्या प्रत्येकाला लिहूनच द्या.

फॉन्ट म्हणून पोनोमार युनिकोड घ्या, फुकट आहे आणि याच कामासाठी बनलाय, साध्या फॉन्टमध्ये या खुणा भलतीकडेच सरकतात किंवा नुसते चौकोन येतात.

शेवटी यो, इ क्रात्कये, स्ट्रेसवाला 'आ' आणि आखडलेला गोस्पोद अशी एक ओळ तयार करा, ती एडिटर, डेटाबेस, पीडीएफ सगळ्यांतून फिरवून आणा, आणि बाहेर पडलेली ओळ नुसती बघू नका, तिचे कोड मूळ ओळीशी एकेक करून ताडून बघा, ते जुळले की मगच पहिलं पान टाइप करायला घ्या.