'छळ' म्हटलं की 'टॉर्चर'? या चुका टाळा

मराठीतला 'छळ' सासूपासून हुकूमशहापर्यंत सगळ्यांना पुरतो. इंग्रजीत तसं भागत नाही. तरी भाषांतराला बसलेली नवी मंडळी 'टॉर्चर' ठोकून मोकळी होतात, कारण मोबाइलवर तो शब्द आधी दिसतो.

काही वर्षांपूर्वी एका विवाहितेच्या फिर्यादीचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. टोमणे, उपाशी ठेवणं, माहेराहून पैसे आण म्हणून तगादा. आमच्या नवख्या पोराने पानोपानी 'टॉर्चर' लिहिलं होतं. मी वरवर चाळून पुढे पाठवलं. ती चूक माझीच. समोरच्या वकिलांनी नेमका तोच शब्द धरला. जखमा कुठे, दवाखान्याचे कागद कुठे? बाई बोलली होती मराठीत, आणि जाब देत बसली आमच्या इंग्रजीचा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये 'टॉर्चर' हा शब्दच नव्हता. तिथे 'क्रुएल्टी' होती, आणि बेकायदा मागणीसाठी पिच्छा पुरवण्याला 'हॅरॅसमेंट'. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८६ मध्येही हेच दोन शब्द आहेत. मसुदा करणाऱ्यांनी शब्द आयते दिलेत, पण कलम उघडून बघायला वेळ कुणाला?

'टॉर्चर' म्हणजे मुद्दाम दिलेल्या तीव्र यातना. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या करारात त्यामागे कबुली काढण्यासारखा हेतू आणि सरकारी माणसाचा हात किंवा मूकसंमतीही लागते. रोजच्या टोमण्यांना हा शब्द गप्पांत चालेल, अर्जात नाही.

'टॉर्चर' आणि 'टॉर्मेंट' दोन्ही 'पिळणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेत, पण 'टॉर्मेंट'ला छळणारा माणूस लागतोच असं नाही. दाढदुखी पुरते, पश्चात्तापही.

धर्म, वंश किंवा राजकीय मतापायी होतो तो छळ 'पर्सिक्यूशन'. 'प्रॉसिक्यूशन' म्हणजे खटला चालवणं. एका अर्जात सरकारी वकिलांना चक्क 'पब्लिक पर्सिक्यूटर' केलेलं मी पाहिलंय. साहेब हसले म्हणून निभावलं.

'इन्फ्लिक्ट'चं कर्म इजा, माणूस मागून 'ऑन' लावून येतो. 'अफ्लिक्ट'चं कर्म माणूसच, आणि छळणारा बहुधा रोग किंवा दुष्काळ.

'मोलेस्ट' साध्या त्रासासाठी वापरू नका. कुणावर भलताच आरोप कराल.

माझी सवय सांगतो. 'छळ' दिसला की समासात पेन्सिलीने लिहितो: कुणी, कशासाठी, किती वेळा. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत इंग्रजी शब्द लिहीत नाही. आमच्या पोराला हे वेळखाऊ वाटायचं. हल्ली त्याच्या टेबलावरही पेन्सिल असते.