आरडीएसवरून क्लाउड एसक्यूएलवर: पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन कसं लावायचं

चालता डेटाबेस फार वेळ बंद न ठेवता ॲमेझॉन आरडीएसवरून गूगल क्लाउड एसक्यूएलवर (दोन्ही क्लाउडवरच्या तयार डेटाबेस सेवा) न्यायचा असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आवृत्ती १० पासून असलेलं लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे एका बाजूचे बदल ओळीओळीने दुसऱ्या बाजूला पाठवत राहण्याची सोय, पुरतं. दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तरी चालतं.

आधी आरडीएस. डीफॉल्ट पॅरामीटर ग्रुप (सेटिंग्जचा संच) बदलता येत नाही. नवा ग्रुप करा, त्यात ‘आरडीएस.लॉजिकल_रेप्लिकेशन’ १ करा, इन्स्टन्सला जोडा आणि रीबूट करा. रीबूटशिवाय हा बदल लागू होत नाही. ‘शो वॉल_लेव्हल’चं (वॉल म्हणजे डेटाबेसची बदलांची नोंदवही) उत्तर ‘लॉजिकल’ आलं की पुढे जा. रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर करा, त्याला ‘आरडीएस_रेप्लिकेशन’ रोल आणि टेबलांवर सिलेक्टची परवानगी द्या. कनेक्शन सबस्क्रायबरकडून (बदल घेणारी बाजू, इथे क्लाउड एसक्यूएल) निघतं, म्हणून सिक्युरिटी ग्रुपमध्ये ५४३२ पोर्ट क्लाउड एसक्यूएलच्या आउटगोइंग आयपीपुरताच उघडा.

आता प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नसलेली टेबलं शोधा. ही पायरी कधीच गाळू नका. अशा टेबलाचं पब्लिकेशन (ज्यांचे बदल पाठवायचे त्या टेबलांची यादी) बिनतक्रार होतं, इन्सर्टही चालतात. पण पहिला अपडेट किंवा डिलीट आला की एरर मूळ डेटाबेसवर येतो, म्हणजे चालू ॲप्लिकेशनच अडकतं. की घालणं उत्तम. ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ने (पूर्ण ओळच ओळख म्हणून वापरून) काम भागतं, पण मोठ्या टेबलावर एकेक ओळ शोधताना सबस्क्रायबर रखडू शकतो.

डीडीएल, म्हणजे टेबलांची रचना (स्कीमा) बदलणाऱ्या कमांड, रेप्लिकेट होत नाही. ‘पीजी_डम्प’ने फक्त स्कीमा काढून नव्या बाजूला चढवा आणि काम संपेपर्यंत स्कीमा बदलू नका. मग आरडीएसवर टेबलांची नावं देऊन ‘क्रिएट पब्लिकेशन’, क्लाउड एसक्यूएलवर ‘क्रिएट सबस्क्रिप्शन’. आधीचा डेटा आपोआप कॉपी होतो. डीफॉल्टने एका वेळी दोन टेबलं. ‘पीजी_सबस्क्रिप्शन_रेल’मध्ये प्रत्येक टेबलासमोर ‘आर’ दिसलं की कॉपी पूर्ण.

खरा धोका स्लॉटचा, म्हणजे सबस्क्रायबर कुठवर पोचला याची मूळ बाजूवर राहणारी नोंद. सबस्क्रायबर थांबला तरी स्लॉट मूळ बाजूची वॉल धरून ठेवतो आणि आरडीएसची डिस्क भरत जाते. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेख सेवा) ‘ओल्डेस्टरेप्लिकेशनस्लॉटलॅग’वर अलार्म पहिल्या दिवसापासून लावा. आवृत्ती १३ पासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ने मर्यादा घालता येते, मात्र ती ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि कॉपी पुन्हा करावी लागते. सबस्क्रायबर थांबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डुप्लिकेट की: कुणीतरी नव्या बाजूला हाताने ओळ घातलेली असते. ती ओळ काढली की गाडी पुन्हा सुरू होते.

स्विच करताना मूळ बाजूचे राइट्स थांबवा आणि लॅग (नवी बाजू किती मागे आहे ते) शून्यावर येऊ द्या. सीक्वेन्सचे (नवे आयडी देणारे काउंटर) आकडे पलीकडे जात नाहीत. ते ‘सेटव्हॅल’ने पुढे न्या, नाहीतर नव्या बाजूचे इन्सर्ट जुन्याच आयडींवर आपटतील. मग ॲप्लिकेशन वळवा. ‘ड्रॉप सबस्क्रिप्शन’ मात्र आरडीएसशी कनेक्शन असतानाच करा, म्हणजे तिथला स्लॉटही जातो. कनेक्शन आधीच तुटलं असेल, तर सबस्क्रिप्शन डिसेबल करून स्लॉटचं नाव ‘नन’ करा, मग ड्रॉप करा आणि आरडीएसवरचा स्लॉट ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ने हाताने काढा.