पावसाळ्यात आंबोली घाट चढण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीत आपण ज्याला धुकं म्हणतो, तो डोंगराला टेकलेला ढग असतो. हिवाळ्यात नदीकाठी पडणारं धुकं उन्हं वर आली की विरतं, तिथे तासभर उशिरा निघालं की भागतं. घाटात तसं नाही. अरबी समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला अडून वर चढत राहतो, तोवर भर दुपारीही समोरचं वळण दिसत नाही. म्हणून तयारी आदल्या दिवशीच, गाडी दारात उभी असताना करायची.

सुरुवात मागच्या दिव्यांपासून करा. पुढचा दिवा गेला की लगेच कळतं. मागचा बल्ब उडाला तरी चालवणाऱ्याला पत्ता नसतो. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून टेललॅम्प, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर तपासा, त्यांच्यावरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसा. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला, वॉशरच्या टाकीत पाणी भरा. टायरच्या खाचांत तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची हद्द तीच. पावसात घाट चढायचा असेल तर टायर त्याच्या आधीच बदलावा.

खरा घोळ होतो तो काचेवरच्या वाफेचा. समोरची काच धूसर झाली की आतून एक बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आतली आहे: एसी चालू, हवेचा झोत काचेकडे, आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. रेघ उमटली नाही तर वाफ बाहेरून धरलीय, कारण एसीनं काच गार पडलीय. अशा वेळी आतून कितीही पुसा, उपयोग शून्य. वायपर फिरवा, एसीचा गारवा कमी करा, झोत काचेवरून काढा. ही बटणं कुठं आहेत ते घरीच हाताला सवयीचं करून घ्या, वळणावर शोधत बसू नका.

सावंतवाडीहून येत असाल तर घाटाच्या पायथ्याशी असलेल्या दाणोलीला थांबा. तिथेच लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, गाणी बंद करा, खिडकी दोन बोटं खाली घ्या. हाय बीमचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची पद्धत आपल्याकडे फार रुजलीय, ती सोडायला हवी. तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळतच नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंत सोळा-सतरा मीटर जातात, ओल्या रस्त्यावर थांबायला साधारण आणखी बारा-तेरा. म्हणजे जवळजवळ तीस मीटर. समोर तीस मीटरच दिसत असेल आणि तेवढ्यात समोरून कुणी ओव्हरटेक करत आलं, तर तुमच्या वाट्याला त्यातले पंधराच येतात. तिथे ताशी वीसच बरा. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे आंधळेपणानं जाऊ नका. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. वळणाआधी हॉर्न द्या. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्या, तसा नियमच आहे. उतरताना खालचा गिअर ठेवा, न्यूट्रल कधीही नाही.

मुख्य धबधब्याच्या बऱ्याच आधीपासून वेग अगदी कमी करा. तिथे रस्त्यातच गाड्या लावलेल्या असतात आणि भिजलेली पोरं कणीस खात मधूनच चालतात. तुम्हीही थांबणार असाल तर गाडी डांबरापासून पूर्ण बाहेर घ्या, पण दरडीखाली नाही. दुचाकीवाल्यांनी काळा रेनकोट घरीच ठेवावा, पिवळा किंवा चमकत्या पट्ट्यांचा घालावा, आणि हेल्मेटची काच किंचित उघडी ठेवावी म्हणजे श्वासानं ती धूसर होणार नाही.

घाटात मोबाइलची रेंज मधेमधे जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, वर पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल हे घरच्यांना दाणोलीतूनच कळवा, आणि मदतीचा ११२ हा क्रमांक गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा.